मालकांचं टाळं, शहराची टीम: एडमंटनच्या चाहत्यांनी सोसलेले दोन लॉकआउट

१४ सप्टेंबर २००४ च्या रात्री टोरंटोत कॅनडानं फिनलंडला ३-२ असं हरवून आइस हॉकीचा वर्ल्ड कप जिंकला. दुसऱ्याच दिवशी नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे, आयुक्त गॅरी बेटमन यांनी मध्यरात्रीपासून लीगला टाळं लागत असल्याचं जाहीर केलं. आदल्या रात्री कप उंचावणाऱ्या खेळाडूंना आता आपल्याच क्लबच्या रिंकवर पाऊल ठेवता येणार नव्हतं. पुढे ३१० दिवस हे टाळं तसंच राहिलं. ३० संघांचे मिळून १,२३० सामने गेले, अख्खा हंगाम गेला. कामगार-तंट्यापायी पूर्ण हंगाम गमावणारी उत्तर अमेरिकेतली ही पहिलीच मोठी लीग.

आठ वर्षांनी, २०१२ मध्ये, पुन्हा तेच. त्या वेळी अर्धा हंगाम वाचला.

बाहेरून बघणाऱ्याला हा करोडपती खेळाडू आणि अब्जाधीश मालक यांचा वाद वाटतो. "दोघंही हावरट" असं म्हणून पान उलटता येतं. पण ज्याची टीम त्यात अडकलेली असते त्याला पान उलटता येत नाही, आणि त्यानं नीट हिशोब मांडला तर त्याला कुणाची तरी बाजू घ्यावीच लागते. ती कुणाची, हे तो कुठल्या शहरात राहतो यावर ठरतं. म्हणून हा विषय एका शहरातून बघू. न्यूयॉर्क किंवा टोरंटो नको, तिथली टीम कुठे जात नसते. आपण एडमंटन घेऊ.

एडमंटन ही कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताची राजधानी. २००४ च्या सुमारास आसपासची वस्ती धरून लोकसंख्या जेमतेम दहा लाख, हिवाळा उणे वीस-तीसचा, आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे एडमंटन ऑयलर्स. वेन ग्रेट्स्की, मार्क मेसिए यांच्या या संघानं १९८४ ते १९९० या सात वर्षांत पाच वेळा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. मधेच, ९ ऑगस्ट १९८८ ला, मालकानं ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं. त्या व्यवहारात खेळाडू आले, नवोदित निवडण्याचे हक्क आले, आणि दीड कोटी डॉलर रोख आले. शहरातल्या जुन्या मंडळींसमोर ती तारीख आजही जपून काढावी लागते. टीम आपली असली तरी तिचा कागद दुसऱ्याच्या तिजोरीत असतो, हे एडमंटनला तेव्हा कळलं.

टाळं सप्टेंबरातच का लागतं

संप कामगार करतात आणि टाळेबंदी मालक करतात, हे गिरणगाव बघितलेल्या महाराष्ट्राला सांगायला नको. एनएचएलमध्ये मालकांनी टाळं लावलं याचा अर्थ खेळाडू खेळायला तयार होते. जुन्या कराराची मुदत संपली होती, नवा झाला नव्हता, आणि तरी जुन्याच अटींवर खेळ चालू ठेवता आला असता. मग मालकांनी तो थांबवला का?

उत्तर पगाराच्या वेळापत्रकात आहे. खेळाडूंना पगार मिळतो तो ऑक्टोबर ते एप्रिल या साखळी हंगामाचा, हप्त्याहप्त्यानं. एप्रिलमध्ये बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ, सुरू होते तेव्हा त्यांचा पगार संपलेला असतो, फक्त बक्षिसाची थोडी रक्कम उरते. मालकांचं अगदी उलट: प्लेऑफची महागडी तिकिटं हीच त्यांची सुगी. म्हणजे खेळाडूंनी एप्रिलमध्ये संप केला तर त्यांचं फारसं जात नाही आणि मालकांचं सगळं जातं. हे कागदावरचं गणित नाही. १ एप्रिल १९९२ ला खेळाडूंनी खरंच संप केला आणि दहा दिवसांत तो मिटला. मालकांनी धडा घेतला. १९९४ मध्ये करार नसताना त्यांनी हंगामाच्या तोंडावरच टाळं लावलं, ते जानेवारी १९९५ पर्यंत उघडलं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात मालकांचं नुकसान कमी, खेळाडूंचे पगार मात्र पहिल्या दिवसापासून बंद. दोन्ही बाजूंनी दुसऱ्याचा हात पिरगाळायचा महिना ठरवून ठेवलेला असतो.

वाद कसला होता

२००४ मधलं भांडण एका शब्दाभोवती होतं: सॅलरी कॅप. एका संघानं सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून जास्तीत जास्त किती खर्च करायचा, त्याची कडक मर्यादा. मालकांना ती हवी होती. खेळाडू संघटनेचे प्रमुख बॉब गुडनाउ यांचं म्हणणं साधं होतं: पगार मालकच देतात, कुणी बंदूक लावलेली नाही, मग स्वतःला आवरण्यासाठी कायदा कशाला हवा?

म्हणणं चूक नव्हतं. पण मालक म्हणजे तीस वेगवेगळे मालक. २००३-०४ मध्ये डेट्रॉइट आणि न्यूयॉर्क रेंजर्स यांचा पगारखर्च सात कोटी डॉलरच्या वर होता, एडमंटनचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. डेट्रॉइटनं एका बचावपटूला मोठी रक्कम दिली की पुढच्या उन्हाळ्यात एडमंटनचा तसाच बचावपटू तेवढीच मागणार. ऑयलर्सच्या चाहत्यांनी हे बरीच वर्षं पाहिलं होतं. पोरगा इथे घडायचा, नावारूपाला यायचा, आणि पगार परवडेनासा झाला की जायचा. २००० मध्ये बिल गेरिन बॉस्टनला गेला, २००१ मध्ये कर्णधार डग वेट सेंट लुईसला.

त्यात चलनाचा फास. पगार अमेरिकन डॉलरमध्ये, तिकिटांची विक्री कॅनेडियन डॉलरमध्ये. जानेवारी २००२ मध्ये कॅनेडियन डॉलर ६२ अमेरिकन सेंटच्या आसपास घसरला होता. म्हणजे ज्या खेळाडूचे डेट्रॉइटला तीस लाख मोजावे लागत, त्याचे एडमंटनला अठ्ठेचाळीस लाख. क्युबेक सिटीची टीम १९९५ मध्ये डेन्व्हरला गेली आणि पुढच्याच वर्षी तिनं तिथे स्टॅनली कप जिंकला. विनिपेगची १९९६ मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात गेली. १९९८ मध्ये एडमंटनचीही टीम ह्यूस्टनला जायच्या बेतात होती. तीसहून अधिक स्थानिक गुंतवणूकदारांनी वर्गणी काढावी तसे पैसे गोळा करून ती विकत घेतली आणि गावात ठेवली.

आता त्या गावातल्या माणसानं २००४ मध्ये कुणाची बाजू घ्यावी? मनानं तो कामगारांचा असेल, स्वतः तेलकंपनीत युनियनचा सभासदही असेल, पण त्याला सॅलरी कॅप हवी होती. कॅनडातल्या बऱ्याच चाहत्यांचा कल त्या वर्षी मालकांकडे झुकला, यात मला काही विसंगती वाटत नाही. त्यांना मालकांचा पुळका नव्हता. त्यांना पुढच्या दहा वर्षांत टीम गावात हवी होती.

मालकांच्या आकड्यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. लीगनं अमेरिकन शेअरबाजार नियामकाचे माजी प्रमुख आर्थर लेविट यांच्याकडून अहवाल करून घेतला. फेब्रुवारी २००४ मध्ये तो आला: २००२-०३ च्या हंगामात लीगला २७ कोटी ३० लाख डॉलर तोटा, आणि उत्पन्नातले ७५ टक्के खेळाडूंवर खर्च. संघटनेनं ते आकडे मानले नाहीत, आणि तिच्या शंकेत दम होता. टीमचा मालकच स्टेडियमचा मालक असेल, पार्किंगचा असेल, सामने दाखवणाऱ्या वाहिनीतही त्याचा वाटा असेल, तर बिअरच्या ग्लासामागचा नफा हॉकीचा की इमारतीचा? एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे टाकले की टीमची वही हवी तशी लाल करता येते. म्हणून नव्या करारात पहिलं काम झालं ते 'हॉकीतून येणारं उत्पन्न' कशाला म्हणायचं याची पानंच्या पानं भरतील अशी व्याख्या करण्याचं. ही पानं कुणी चाहता वाचत नाही, पण खरी लढाई तिथेच होते.

त्या हिवाळ्यात काय बघितलं

कॅनडात शनिवारची रात्र म्हणजे सीबीसी या सरकारी वाहिनीवरचा हॉकीचा सामना, हे पिढ्यानपिढ्यांचं ठरलेलं. त्या वर्षी सीबीसीनं त्या वेळेत सिनेमे दाखवले. लोकांनी ते बघितलेही.

एडमंटनला मात्र उपाशी राहावं लागलं नाही. ऑयलर्सची दुय्यम टीम, रोड रनर्स, त्या हंगामापुरती टोरंटोहून एडमंटनला आणली गेली आणि ऑयलर्सच्याच रेक्सॉल प्लेसमध्ये खेळली. दुय्यम लीगचा करार वेगळा, खेळाडूंची संघटना वेगळी, त्यामुळे तिला टाळं नव्हतं. जॅरेट स्टोल, राफी टोरेस अशी ओळखीची पोरं कमी पगारात तिथे खेळत होती. तिकीट स्वस्त, जागा जवळची. वर्षभरात ती टीम गुंडाळण्यात आली, पण तिची सनद, म्हणजे त्या लीगमध्ये संघ उतरवण्याचा हक्क, कपाटात ठेवलेली होती. पुढे ती कामाला आली, ते ओघात येईलच.

मार्च २००५ मध्ये त्याच रेक्सॉल प्लेसमध्ये पुरुषांच्या कर्लिंगची राष्ट्रीय स्पर्धा, ब्रायर, झाली. बर्फावर दगड सरकवण्याचा हा शांत खेळ. नऊ दिवसांत दोन लाख ऐंशी हजारांवर लोक आले, आणि हा स्पर्धेच्या इतिहासातला विक्रम ठरला. जिंकलाही एडमंटनचाच रँडी फर्बीचा संघ. बर्फ, गर्दी आणि गावचा संघ एवढं मिळालं की एडमंटनचा माणूस कुठेही रांग लावतो, असा मी त्याचा अर्थ लावते.

सगळ्यांत चांगली हॉकी त्या हिवाळ्यात २० वर्षांखालच्या मुलांनी दाखवली. अमेरिकेत ग्रँड फोर्क्सला झालेल्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत कॅनडाकडून सिडनी क्रॉस्बी, रशियाकडून अलेक्झांडर ओवेच्किन. ४ जानेवारी २००५ ला कॅनडानं अंतिम सामना ६-१ असा मारला. त्या संघात एडमंटनचा डिऑन फनफ होता. त्याच संघातला पॅट्रिस बर्जरॉन आदल्या वर्षी बॉस्टनकडून एनएचएल खेळला होता. लीग चालू असती तर बॉस्टननं त्याला सोडलं असतं का, शंकाच आहे. टाळ्यामुळे तो मिळाला.

आणि बाकीचे खेळाडू? पावणेचारशेहून अधिक जण युरोपात गेले. ऑयलर्सचा अलेश हेम्स्की आपल्या गावी, चेक प्रजासत्ताकातल्या पार्डुबित्सेला परतला आणि त्या संघानं देशाचं विजेतेपद मिळवलं. शॉन हॉरकॉफ स्वीडनमधल्या मोरा या छोट्या गावात खेळला. जो थॉर्न्टन आणि रिक नॅश स्वित्झर्लंडच्या दावोसला गेले आणि तिथली लीग जिंकून आले. रशियातल्या काझान शहराचं ते हजारावं वर्ष होतं. तिथल्या अक बार्स क्लबनं लेकाव्हालिये, हीटली, कोवाल्चुक असे तारे एकत्र गोळा केले. कप त्यांना मिळाला नाहीच, तो मॉस्कोच्या डायनॅमोनं नेला.

याची दुसरी बाजू चाहते फारशी बोलत नाहीत. प्रत्येक एनएचएल खेळाडूमागे एक स्वीडिश किंवा चेक खेळाडू बाकावर बसला, कुणाची नोकरीही गेली. कामगार एकजुटीच्या नावानं लढणारे खेळाडू दुसऱ्या देशात दुसऱ्या कामगाराच्या जागेवर उभे होते. संघटनेला त्याचा फायदाच होता, कारण युरोपात कमाई चालू असलेला खेळाडू लवकर नमत नाही.

फेब्रुवारीतला घोळ

डिसेंबर २००४ मध्ये संघटनेनं एक मोठी गोष्ट देऊ केली: चालू करारांतला प्रत्येक पगार २४ टक्के कमी. दहा लाखांचे सात लाख साठ हजार. त्यांना वाटलं, एवढं दिल्यावर मालक सॅलरी कॅपचा हट्ट सोडतील. मालकांनी ते २४ टक्के मनात जमा करून घेतले आणि हट्ट तसाच ठेवला. वाटाघाटीचं तंत्र म्हणून याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही: न मागता दिलेली सवलत परत घेता येत नाही, ती पुढच्या बोलणीची सुरुवात होते.

फेब्रुवारीच्या मध्यावर संघटनेनं कॅप तत्त्वतः मान्य केली. आता फक्त आकडा. मालक ४ कोटी २५ लाख डॉलर प्रति संघ, खेळाडू ४ कोटी ९० लाख. फरक ६५ लाखांचा. १६ फेब्रुवारी २००५ ला बेटमन यांनी हंगाम रद्द केला.

त्यानंतरचे तीन-चार दिवस चाहत्यांचे फार हाल झाले. बातमी आली की हंगाम पुन्हा जिवंत होतोय. काही ठिकाणी तर करार झाल्याचंच छापून आलं. १९ तारखेला न्यूयॉर्कमध्ये बैठक झाली, ग्रेट्स्की आणि मारिओ लेम्यू हे हॉकीतले दोघं दिग्गजही तिथे होते. काही झालं नाही.

जुलैमध्ये करार झाला तेव्हा कॅप ठरली ३ कोटी ९० लाख. म्हणजे खेळाडूंनी फेब्रुवारीत नाकारलेल्या रकमेपेक्षा ३५ लाखांनी कमी, वर २४ टक्के कपात, वर वर्षभराचा पगार बुडाला. गुडनाउ यांनी पद सोडलं.

स्टॅनली कप त्या वर्षी कुणालाच मिळाला नाही. याआधी असं १९१९ मध्ये झालं होतं, इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे अंतिम मालिका अर्धवट थांबली तेव्हा. कपावर कोरलेलं आहे: २००४-०५, हंगाम खेळला गेला नाही. टोरंटोतल्या काही हौशी खेळाडूंनी यावर कोर्टात धाव घेतली. त्यांचा मुद्दा असा की लॉर्ड स्टॅनली यांनी १८९२ मध्ये हा कप कॅनडाच्या सर्वोत्तम संघासाठी दिला, एनएचएल तर १९१७ मध्ये जन्मली, मग कप तिच्या बापाचा कसा? २००६ मध्ये तडजोड झाली: एनएचएल खेळलीच नाही अशा वर्षी विश्वस्त हवं तर कप दुसऱ्या कुणाला देऊ शकतात. गव्हर्नर जनरल एड्रिएन क्लार्कसन यांनी तर सुचवलं होतं की यंदा कप महिलांना द्या. तो दिला गेला नाही, पण त्यातून महिलांसाठी क्लार्कसन कप उभा राहिला. या सगळ्या प्रकरणातून निघालेली ही मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

नवा हिशोब कसा चालतो

करारानं दोन गोष्टी जोडून टाकल्या: लीगचं उत्पन्न आणि खेळाडूंचे पगार. सुरुवातीला उत्पन्नातले ५४ टक्के खेळाडूंचे, उत्पन्न वाढेल तसा हा वाटा ५७ टक्क्यांपर्यंत चढणारा. कॅपच्या खाली एक तळही ठरला, पहिल्या वर्षी २ कोटी १५ लाख, म्हणजे कंजूष मालकाला त्याहून कमी खर्च करता येणार नाही. कुठल्याही एका खेळाडूला संघाच्या कॅपच्या २० टक्क्यांहून जास्त नाही.

यातला सगळ्यांत कमी समजणारा भाग म्हणजे एस्क्रो. वाट्यानं शेत कसणारा जसं पीक खळ्यावर येऊन मापलं जाईपर्यंत आपल्या वाट्याला किती पोती ते सांगू शकत नाही, तसं इथे आहे. करारावर लिहिलेला पगार हा अंदाज असतो. खरं उत्पन्न हंगाम संपल्यावर मोजलं जातं. म्हणून प्रत्येक पगारातून काही टक्के कापून वेगळे ठेवतात. हिशोबाअंती खेळाडूंना ठरल्या वाट्यापेक्षा जास्त गेलं असेल तर ते कापलेले पैसे मालकांकडे, नसेल तर खेळाडूंना परत. २०२० मध्ये कोविडमुळे स्टेडियम ओस पडले तेव्हा याची धार दिसली. उत्पन्न कोसळलं, करारांवरचे आकडे तेच, त्यामुळे खेळाडूच मालकांचे देणेकरी झाले आणि ते देणं फिटेपर्यंत कॅप ८ कोटी १५ लाख डॉलरच्या आसपास अडकून राहिली.

मग एडमंटनला काय मिळालं

कागदावर, हवं ते सगळं. करार झाल्यावर काही दिवसांतच, ऑगस्ट २००५ मध्ये, ऑयलर्सनी सेंट लुईसकडून क्रिस प्रॉन्गर आणला, लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक, आणि त्याला पाच वर्षांचा करार दिला. वर्षापूर्वी हे स्वप्नातही शक्य नव्हतं. कॅपमुळे श्रीमंत संघांना माणसं सोडावी लागत होती, त्यात एडमंटनचं फावलं.

खेळही बदलला होता. दोन रेषा ओलांडणारा लांब पास आता चालत होता, अडवाअडवीवर पंच कडक झाले, बरोबरीचा निकाल शूटआउटनं, म्हणजे गोलरक्षकासमोर एकेकट्या खेळाडूच्या फटक्यांनी. पहिल्या सामन्यांत बर्फावरच्या निळ्या रेषांवर चाहत्यांचे आभार रंगवले होते. गंमत अशी की त्या हंगामात लीगच्या प्रेक्षकसंख्येचा विक्रम झाला. रागावलेले सगळे परत आले.

२००६ च्या प्लेऑफमध्ये ऑयलर्स आपल्या विभागातून आठव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकानं शिरले. पहिल्याच फेरीत त्यांनी लीगमध्ये अव्वल असलेल्या डेट्रॉइटला घरी पाठवलं, मग सॅन होजे, मग ॲनाहाइम. एडमंटनच्या व्हाइट ॲव्हेन्यूवर रोज रात्री निळ्या-नारिंगी जर्सींचा पूर. अंतिम फेरीच्या पहिल्याच सामन्यात गोलरक्षक ड्वेन रोलसन जखमी झाला, तरी मालिका सातव्या सामन्यापर्यंत ओढली आणि तिथे कॅरोलायनानं जिंकली.

आठवड्याभरात बातमी आली की प्रॉन्गरला एडमंटन सोडायचं आहे. तो ॲनाहाइमला गेला, आणि २००७ मध्ये ॲनाहाइमनं कप जिंकला. ऑयलर्स त्यानंतर सलग दहा हंगाम प्लेऑफमध्ये पोचले नाहीत.

चाहत्यांनी एक अख्खा हिवाळा ज्या कॅपसाठी सोसला, तिनं टीम गावात ठेवली असेल, पण चांगली टीम दिली नाही. कॅप फक्त पैशाची दरी कमी करते. निवड, प्रशिक्षण, व्यवस्थापन यांतला अडाणीपणा तिला झाकता येत नाही, उलट तो उघडा पडतो, कारण आता "पैसे नाहीत" हे कारण उरत नाही. आणि टीम तरी कॅपनंच वाचवली का, याबद्दलही मला शंका आहे. २००७ पर्यंत तेलाच्या तेजीनं कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला. प्रत्येक पगाराचं ओझं त्यानं आपोआप हलकं झालं. माझ्या मते एडमंटनवर जास्त उपकार या घटनेचे आहेत, आणि तिच्यासाठी कुणी संप केला नव्हता की टाळं लावलं नव्हतं.

२०१२ मध्ये म्हणूनच कुणाची बाजू घ्यावी हे तितकं सोपं राहिलं नव्हतं. लीगचं उत्पन्न ३३० कोटी डॉलरवर गेलं होतं. खेळाडूंचा वाटा ५७ टक्के. मालकांना तो खाली हवा होता, पहिला प्रस्तावच ४३ टक्क्यांचा. शेवटी ५०-५० झालं. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्या उत्पन्नावर ते वर्षाला २३ कोटी डॉलर होतात. छोट्या शहरांना वाचवण्याची गोष्ट या वेळी फारशी कुणी सांगितली नाही. त्या ऑगस्टमध्ये बेटमन म्हणाले की गेल्या वेळी आपण सावरलो कारण आपले चाहते जगात सर्वोत्तम आहेत. चाहत्यांना त्यात कौतुकापेक्षा गृहीत धरणं ऐकू आलं, आणि ते बरोबरच होतं.

ऑयलर्स आता औषध-दुकानांच्या साखळीचे मालक डॅरिल कॅट्झ यांच्या हातात होते आणि शहराकडून नव्या स्टेडियमसाठी पैसे मागत होते. टाळं लागून दहा दिवसही झाले नसतील तोच कॅट्झ सिॲटलचं स्टेडियम बघून आले. टीम हलवू शकतो, हा इशारा कुणालाही कळण्यासारखा होता. शहर इतकं भडकलं की त्यांना वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन माफी मागावी लागली. सॅलरी कॅप आली तरी स्थलांतराची धमकी संपत नाही, फक्त ती खेळाडूंऐवजी करदात्याला दिली जाते. नवं स्टेडियम २०१६ मध्ये उघडलं.

टाळं लागलं त्या २०१२ मध्येच खेळाडू संघटना अल्बर्टाच्या कामगार मंडळाकडेही गेली होती: प्रांताच्या कायद्यातल्या पायऱ्या न पाळता ऑयलर्स आणि प्रांतातला दुसरा संघ कॅलगरी फ्लेम्स यांनी टाळं लावलं, अशी तक्रार. मंडळानं हात घातला नाही.

आणि ती कपाटातली सनद? २०१० पासून ओक्लाहोमा सिटी बॅरन्स या नावानं ती पुन्हा चालू झाली होती. ऑयलर्सची तरुण पोरं, टेलर हॉल, जॉर्डन एबर्ली, रायन न्यूजंट-हॉपकिन्स, जस्टिन शुल्ट्झ, सगळी तिथे खेळली. एडमंटनचे लोक अडीच हजार किलोमीटरवरच्या ओक्लाहोमातल्या टीमचे निकाल बघत बसायचे.

६ जानेवारी २०१३ ला पहाटे, सोळा-एक तासांच्या सलग बोलणीनंतर, सरकारी मध्यस्थ स्कॉट बेकनबॉ यांच्या खटपटीनं करार झाला. दोन्ही बाजू एका खोलीत बसायला तयार नव्हत्या तेव्हा हा गृहस्थ त्यांच्यामध्ये चालत ये-जा करत होता. ४८ सामन्यांचा हंगाम झाला, कप शिकागोनं नेला.

पुढचा लॉकआउट आलाच तर बातम्या कशा वाचाव्यात, एवढं सांगते. "बोलणी सकारात्मक" किंवा "दोन्ही बाजू दूर" असल्या वाक्यांकडे दुर्लक्ष करा, ती वार्ताहराला कुणी तरी मुद्दाम पुरवलेली असतात. पगाराच्या तारखा बघा. २०१२ मध्ये खेळाडूंचा पहिला हप्ता ऑक्टोबरच्या मध्याला बुडाला, पण त्याच सुमारास आदल्या हंगामाच्या एस्क्रोचे सुमारे आठ टक्के परत हातात पडले, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. खरी शेवटची तारीख जानेवारीच्या मध्याची. १९९५ आणि २०१३, दोन्ही वेळा ४८ सामन्यांचा हंगाम १९-२० जानेवारीला सुरू झाला. त्याआधी रद्द होणारे सामने हे दबावाचं हत्यार असतं. सीझन तिकिटाचे पैसे परत घ्यायचे की व्याजावर टीमकडे ठेवायचे, असा पर्याय दिला जातो तेव्हा परत घ्या. आणि कॉलेजची, ज्युनिअरची, महिलांची हॉकी बघा, त्यांना टाळं नसतं.

सध्या शांतता आहे. २०२५ च्या जुलैमध्ये दोन्ही बाजूंनी पुढचा करार वेळेआधी, न भांडता मंजूर केला. तो सप्टेंबर २०२६ पासून लागू, हंगाम ८२ ऐवजी ८४ सामन्यांचा, वाटणी ५०-५० च. त्याची मुदत १५ सप्टेंबर २०३० ला संपते. एडमंटनच्या चाहत्यानं त्या वर्षी वाटाघाटींच्या बातम्यांसोबत कॅनेडियन डॉलरचा भावही बघत राहावं.